भावसिंगाच्या पाठीवरचं दार

डोंगरकड्याच्या मकबूल रंगरेजाला दुपारी झोप यायची, आणि त्याच्या जन्माचं जे काही झालं ते त्या झोपेतून झालं. रात्री स्वप्न पाहणारा माणूस सकाळी ते विसरतो. मकबूलचं तसं नव्हतं. रांजणात लुगडी भिजत घालायची, लिंबाखाली आडवं व्हायचं, आणि उठल्यावर पाहिलेलं सगळं जसंच्या तसं समोर उभं. लुगडं पिळताना, वाळत घालताना, संध्याकाळी भाकरी मोडताना ते समोरून हलायचं नाही. काढून टाकल्याशिवाय त्याला चैनच पडायची नाही.

म्हणून एकदा त्यानं स्वतःच्या घराच्या मागच्या भिंतीवर विहीर काढली. पण ती जमिनीत नव्हती, आभाळात होती, तोंड खाली करून. तिच्यातून दोर लोंबत होता आणि दोराच्या टोकाला पोहऱ्याऐवजी एक म्हैस निवांत रवंथ करत होती. गावाला महिनाभर हसायला पुरलं.

"अरे मकबूल, विहीर उलटी केलीस. पाणी भरायला आमी आता शिडी आणावी का?"

"पाणी ऱ्हाऊ दे, म्हशीची धार कोण काढील ते सांग!"

मकबूल हसायचा. राग त्याला येत नसे, कारण लोकांच्या भिंतींवर तो लोकांचंच काढत असे. लग्नघराच्या दाराशी हत्ती, पोपट, केळीची पानं. पोळ्याला बैलांची शिंगं. आणि मोहरमला वाघ.

मोहरमच्या वाघांसाठीच त्याचं खरं नाव होतं. सवारी, म्हणजे पिराच्या पंजाची मिरवणूक, हिंदूंची आणि मुसलमानांची एकच होती. लेकरू जगलं, डोळ्यांना दिसू लागलं, गेलेली गाय सापडली, की बाप सवारीपुढं वाघ होऊन नाचायचा नवस बोलायचा. अंगाला पिवडी, तिच्यावर काजळीचे पट्टे, गालांवर मिशा, मागं कापडाची शेपटी. डफड्याच्या तालावर गावभर नाचायचं, आणि शेवटच्या दिवशी सवारी ओढ्यावर थंडी झाली, म्हणजे तिचं विसर्जन झालं, की वाघानंही तिथंच अंग धुवायचं. पिवळं पाणी वाहून गेलं की वाघ उतरला आणि नवस फिटला. अंगावर राहिलेला वाघ म्हणजे न फिटलेला नवस, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात महसुलातल्या गिरदावर साहेबांचा भाचा गावात राहायला आला. मोहियोद्दीन त्याचं नाव. हैद्राबादेत चित्रकला शिकत होता, पायात करकरणारे बूट आणि गळ्यात कॅमेरा. उलट्या विहिरीपुढं तो उभा राहिला तो पान थुंकायचंही विसरला.

"हे तुमी कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? दिसलं, काढलं."

मग त्या पोरानं जे सांगितलं ते मकबूलनं आयुष्यभर मनातून पुसलं नाही. फ्रान्स नावाच्या मुलखात मोठमोठे चित्रकार आता हेच करतात, म्हणाला. जागेपणी दिसतं ते काढत नाहीत, झोपेत दिसतं ते काढतात. माणसाच्या छातीला खिडकी काढतात, ढगाला कुलूप घालतात, आणि शहाणी माणसं ती चित्रं पाहायला रांगा लावतात. त्या चालीला सर्रिअलिझम म्हणतात. मकबूलच्या जिभेला तो शब्द पेलला नाही, म्हणून मोहियोद्दीननं सोपं करून सांगितलं, "असलियतच्या वरची असलियत."

"म्हणजे मी येडा न्हाई?"

"तुमी उस्ताद आहात. पण तुमची ही भिंत दोन पावसाळ्यांत धुऊन जाणार. टिकत नाही ते चित्र कसलं? यंदाच्या मोहरमला काहीतरी मोठं काढा. मी सवारीनंतर आठवड्यानं येतो, फोटो काढून नेतो. हैद्राबादेत दाखवतो."

गावाच्या हसण्यानं ज्याचं काही बिघडलं नव्हतं, त्याला एका शहाण्याच्या कौतुकानं खाल्लं.

त्या वर्षी वाघ होणार होता भावसिंग. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा, रुंद पाठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचं एकुलतं एक पोरगं, किसनसिंग, देवीच्या आजारातून वाचलं होतं. मिराबाईनं तेव्हा सवारीला सांगितलं होतं, सलग तीन मोहरम माझा धनी वाघ होईल. दोन झाले होते. हा शेवटचा.

सकाळी तो मकबूलच्या अंगणात पालथ्या घमेल्यावर बसला.

"मकबूलभाई, शेपूट यंदा जरा लांब कर. मागल्या साली बकरीवाणी दिसली म्हणत होती बायको."

"बायकोला पुढून बघू दे. पुढून वाघच दिसशील."

छातीवर, पोटावर, मांड्यांवर मकबूलनं नेहमीचा वाघ काढला, आणि चांगला काढला. मग तो मागं गेला. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. त्या रुंद पाठीवर त्यानं एक उघडं दार काढलं. दारापलीकडं नदी, पण आडवी नव्हे. उंबऱ्यापासून उठून मानेकडं, वर चढत जाणारी. आणि दोन्ही बरगड्यांवरून येणारे वाघाचे पट्टे तहानलेल्या गुरांसारखे त्या नदीत उतरत होते. परवाच्या दुपारी त्यानं हेच पाहिलं होतं.

काजळी घामानं ओघळते, हे त्याला ठाऊक होतं. फोटो तर आठवड्यानं. म्हणून रेघांसाठी त्यानं वेगळी वाटी केली होती. तिच्यात बिब्बा होता. धोबी ज्यानं कापडावर खूण करतो आणि ती कापड फाटलं तरी जात नाही, तो बिब्बा. कातडीला तो जाळतो हेही रंगरेजाला सांगावं लागत नाही. त्यानं तेल घातलं, पुष्कळ घातलं, आणि स्वतःला सांगितलं की एवढ्यानं काय होतंय.

हलीमा, त्याची बायको, पाणी घेऊन आली आणि पाठीमागं थबकली.

"अजी, हा वाघ हाय का?" ती हळूच म्हणाली.

"पुढून हाय."

"नवस काय निम्म्या अंगाचा बोलला व्हता त्यानं?"

मकबूलनं तिच्याकडं पाहिलंही नाही. तो उंबऱ्याची रेघ सरळ करत होता.

भावसिंग दिवसभर नाचला. त्याच्या मागून चालणारी माणसं आधी हसली, मग कुजबुजली, मग गप्प झाली. त्याला वाटलं, वाघ इतका साधलाय की लोकांची बोलती बंद झाली. तो आणखी जोरात नाचला. संध्याकाळी ओढ्यात मिराबाई त्याची पाठ चोळायला बसली. पिवळं वाहून गेलं. दार गेलं नाही. तिनं राखेनं घासलं, विटकरीनं घासलं. सकाळपर्यंत रेघांवर फोड उठले होते, चौकटीसकट.

आणि त्याच दिवशी पोराला ताप भरला.

तिसऱ्या दिवशी दोघं मकबूलच्या दारात आली. पोरगं मिराबाईच्या खांद्यावर होतं, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. भावसिंगच्या अंगावर सदरा नव्हता. तो घालणंच शक्य नव्हतं.

"भाई," मिराबाई म्हणाली, "वाघ उतरला न्हाई. दारपण तू उघडं ठेवलंस. घराचं दार सताड उघडं टाकल्यावर लेकराला कोण धरून ठेवील? मिटव त्याला."

"आपोआप जाईल. थोडं थांबा."

"कवा जाईल?"

"जुम्म्यापर्यंत. जुम्म्याला या, मी सोता काढतो."

जुम्म्याला मोहियोद्दीन यायचा होता.

"आजच काहून न्हाई?" भावसिंगनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता.

"कच्च्या जखमेला हात लावला तर तकलीफ होईल तुला."

आत हलीमा चुलीपुढून उठली. "चुना-तेल तर लावून बघा," ती म्हणाली. "न्हाई गेलं तरी त्या बाईच्या जिवाला बरं वाटंल."

"तू गप ऱ्हा. तुला रंगातलं काय कळतंय?"

चुना-तेलानं बिब्बा गेला नसता. पण रेघा पसरल्या असत्या, नदी बिघडली असती. तेवढ्यासाठी त्यानं त्या दोघांना उन्हात परत पाठवलं. जाताना भावसिंगची पाठ त्याच्याकडं होती, आणि ती तांड्याच्या वाटेला लागेपर्यंत तो पाहत उभा राहिला. चित्र चांगलं बसलं होतं.

पोरगं जुम्म्याच्या आदल्या दिवशी गेलं.

तापानं गेलं. असा ताप त्या साली घरोघर होता, आणि ज्या घरांनी वाघाचं नावही काढलं नव्हतं त्यांचीही लेकरं गेली. हे मकबूल स्वतःला सांगत राहिला. पण हलीमानं ते एकदाही म्हटलं नाही, आणि नवरा-बायकोच्या घरात न म्हटलेलं जास्त ऐकू येतं.

मोहियोद्दीन त्या जुम्म्याला आला नाही. पुढच्याला आला नाही. गिरदावर साहेबांची बदली झाली तेव्हा कळलं, की भाचा कधीचा नोकरीच्या मागं मुंबईला गेलाय, आणि कॅमेरा तर त्याच्या दोस्ताचा होता.

तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनी मग आपल्या रीतीनं इलाज केला. भावसिंगला पालथं झोपवून, विळा तापवून, त्या दारावर आडवे डाग दिले. हे गावात सांगत आला तो म्हणाला, गडी ओरडला नाही. फक्त एवढंच विचारलं, "मिटलं का?"

त्यानंतर मकबूलला कुणी वाघ काढायला बोलावलं नाही. भांडलं कुणी नाही, मारलं कुणी नाही. लग्नाच्या भिंती वसमतहून आलेला माणूस रंगवू लागला. दुपारची झोपही गेली. लिंबाखाली तो डोळे उघडे ठेवून पडे. मागच्या भिंतीला हलीमानं एका दिवाळीत सारवून घेतलं. "पोपडे पडत व्हते," म्हणाली. म्हशीचं एक शिंग तेवढं काही दिवस शेणातून दिसत राहिलं.

वर्षं गेली. रझाकारीच्या धुमाळीत तांड्याची ज्वारी लुटली गेली, झोपड्या जळल्या. मग भाद्रपदात हैद्राबादेवर फौज आली, निजामाचं राज्य संपलं, आणि आता उलट्या दिशेनं, मुसलमानांवर, कुऱ्हाडी निघाल्या. मकबूल कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कुऱ्हाड विचारत नाही. तो आणि हलीमा तांड्यामागच्या ज्वारीत लपून बसले, उपाशी, धोतरजोडा आणि एक बुरखा एवढ्यानिशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी हलली. समोर भावसिंग उभा होता. केस पांढरे झालेले, हातात काठी, अंगावर फक्त धोतर. त्यानं दोघांकडं पाहिलं. हलीमानं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"चला," भावसिंग म्हणाला. "इकडं माणसं येऊन राहिलीत."

तो पुढं झाला. त्याच्यामागं हलीमा आणि मकबूल. उन्हं कडक होती, ज्वारी डोक्याच्या वर. आणि मकबूलच्या पुढं, दोन हातांवर, ती पाठ चालत होती.

दार होतं. बिब्ब्याच्या रेघा काळ्या पडून वर उचलल्या होत्या. त्यांच्यावरून विळ्याचे डाग आडवे गेले होते, चकचकीत, गुलाबी. डागांनी कातडी ओढली होती, त्यामुळं चौकट वाकडी झाली होती आणि नदी दोन ठिकाणी मोडून पुन्हा वर चढली होती. पाऊल पडलं की दार हलायचं, उघडायचं आणि मिटायचं.

मकबूलच्या मनात आलं ते असं: हे आपल्याच्यानं झालं नसतं. हे आपल्यापेक्षा चांगलं झालंय.

ते मनात येताच त्यानं नजर काढायची म्हणून काढली, आणि ती परत तिथंच गेली.

"खाली बघून चाला," हलीमा पुटपुटली.

ओढा ओलांडला, पांदण लागली. भावसिंग थांबला आणि काठीनं दाखवलं. "ही वाट धरा. वसमतच्या अंगाला जाते. रस्त्यावर येऊ नका."

"भावसिंग," मकबूल म्हणाला.

"काय?"

नऊ वर्षं बरंच बोलायचं राहिलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "दुखतं का अजून?"

भावसिंगनं हात मागं नेऊन दाखवलं. "उन्हाचं खाजतं. हात पुरत न्हाई तिथवर." मग म्हणाला, "मिरा खाजवून द्यायची. ती गेली दोन सालामागं." आणि तो वळला.

आता धावत जाऊन त्याचे पाय धरावेत एवढा वेळ होता. मकबूल जागचा हलला नाही. पाठ ज्वारीत शिरत होती, ताटांच्या सावल्या दारावरून सरकत होत्या, नदी उजळत होती आणि विझत होती, आणि तो डोळे बारीक करून पाहत होता, रंगरेज कापडाचा रंग उन्हात धरून पाहतो तसा.

हलीमानं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. सकाळपासून धरलेला त्याचा हात तिनं सोडला, आणि दाखवलेल्या वाटेनं एकटीच चालू लागली.