स्वस्त घड्याळ आणि आमचं इन्स्पेक्शन

शंका घेण्याचाच पगार मिळत असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. शिरवळच्या एका कारखान्यात आम्ही तिघं इन्स्पेक्शनला आहोत: मी, देसाई मॅडम आणि फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले घोरपडे. आलेला प्रत्येक पार्ट खराब आहे असं धरूनच तपासायचा, हे आमचं काम. ही सवय युनिफॉर्मबरोबर उतरत नाही.

मध्यंतरी मी ऑनलाइन चौदाशे रुपयांचं स्टीलच्या चेनचं घड्याळ घेतलं. चेन इतकी मऊ बसली की मनगटावर काही आहे हेच विसरायला व्हायचं. केस ओढत नाही, घामानं चिकटत नाही. देसाई मॅडमनी ते हातात घेतलं, चष्मा वर केला आणि माप घ्यायचा व्हर्नियर लावून एकेक कडी मोजली. सगळ्या सारख्या निघाल्या.

"एवढ्या पैशात इतकं बरोबर?" त्या म्हणाल्या. "मग नक्कीच डुप्लिकेट."

*

घरी वेगळंच. घड्याळ इतकं सुखाचं की मी ते झोपतानाही काढेना. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, कुणी दिलं? मी बिलाची प्रिंट दाखवली. तिनं ती उजेडाला धरून पाहिली.

"आवं, तुमच्या कंपनीत प्रिंटर हाय की."

*

त्याच आठवड्यात एका सप्लायरचा बरेच दिवस अडकलेला माल मी पास केला होता. आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नजर फाइलवर नव्हती, माझ्या मनगटावर होती. असल्या शंकेवरून माणसं घरी गेलेली मी पाहिली आहेत. मोबाइलवरची ऑर्डर दाखवली, तारीख दाखवली. साहेबांनी घड्याळ मागून घेतलं, स्वतःच्या हातात घातलं, लॉक दोनदा उघडलं, मिटलं आणि परत दिलं.

आठ दिवसांनी साहेबांच्या हातात तेच घड्याळ! तेव्हापासून त्यांनी कुठलाही माल पास करा म्हटलं की देसाई मॅडम आधी त्यांच्या मनगटाकडे बघतात.

*

सगळ्यात भारी किस्सा घोरपड्यांचा. त्यांच्या मुलीला बघायला विश्रामबागचा मुलगा आला होता. घोरपड्यांनी मलाही मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा साधा, बँकेत क्लार्क. हातात मात्र चांगलं जाडजूड, महागडं घड्याळ. घोरपडे पोह्यांना हात न लावता त्याच्या मनगटाकडेच बघत होते. बोलता बोलता घड्याळ जरा वर सरकलं, तर खाली ऊन न लागलेला पांढरा पट्टा दिसला. तो अगदी बारीक होता. हातातली चेन त्याच्या दुप्पट रुंद.

घोरपडे शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, हे घड्याळ तुमचं न्हाई."

मुलाच्या आईनं पदर सावरला. मुलगा लाल झाला, पण खोटं बोलला नाही. घड्याळ मित्राचं होतं. तुझं साधं घालून जाऊ नको, असं घरच्यांनी बजावलं होतं. मग त्यानं खिशातून स्वतःचं काढून पुढं ठेवलं. स्वस्तातलं, बारीक चेनचं, काचेवर चरे पडलेलं.

घोरपड्यांनी ते मनगटात घातलं, लॉक लावलं, हात हलवून पाहिला. मग दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडं बघितलं. तिनं हळूच मान हलवली.

घोरपडे मुलाला म्हणाले, "हे ऱ्हाऊ दे माझ्याकडं. साखरपुड्याला या, आन् घेऊन जा."