आत्याला ऐकू यायचं

बेडशाहून हौसामावशींचा फोन आला, तेव्हा मी लोणावळ्यात आमच्या वाचनालयाचं कुलूप उघडत होते. मावशी माझ्या सुमनआत्याच्या शेजारीण. एरवी फोनवर मोठमोठ्यानं बोलणारी ही बाई त्या सकाळी अगदी हळू म्हणाली, "ताई, आत्या उठंना बघा... तुमी या." मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल, असं ते सांगून गेले होते. याला आता पाच आठवडे झाले. त्रास झाला नसेल, हे मी अजून स्वतःला पटवतेच आहे.

आत्यानं तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यावर ती बेडशाच्या घरी एकटी राहायची. मग काचबिंदूनं हळूहळू तिची नजर नेली, शेवटी नुसता उजेड तेवढा कळायचा. वाचनाचं वेड मात्र जाईना. म्हणून दर रविवारी दुपारी मी कामशेतला उतरून रिक्षानं तिच्याकडे जायची आणि तिला वाचून दाखवायची. आमच्या वाचनालयात एक खूनकथांची मालिका होती, तिनं आत्याला पुरतं धरून ठेवलं. सगळी गोष्ट सांगायची एक आंधळी सुईण. कोण कसा दिसतो हे ती कधीच सांगायची नाही. कुणाचा श्वास कुठे अडखळतो, कुणाच्या चपलेची टाच झिजली आहे, घाबरलेल्या माणसाच्या घामाला कसा वास येतो, यावरून ती खुनी ओळखायची. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा यायचा. आत्या मात्र खुशीत असायची. शेवटच्या प्रकरणाआधी मला थांबवून ती खुन्याचं नाव सांगायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. सुईण चुकली की आत्या तिच्यावर रागवायची, जणू ती हाताखालची नवी नर्स होती.

सातवं पुस्तक चालू असताना एका रविवारी ती म्हणाली, की आठवडाभर घरात कुणीतरी येतंय. दुपारी मागच्या दारानं येतं, न बोलता उभं राहतं, ट्रंक उघडतं आणि जातं. मी सगळं घर पाहिलं. काहीच हललेलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ती आता भिंतीला पाठ लावूनच बसायची, जेवतानासुद्धा. मला भीती वाटली... तिच्या घरात शिरलेल्या माणसाची नव्हे, तिच्या डोक्याची. त्या पुस्तकांनीच हे केलं असं मी ठरवून टाकलं. आठवा भाग वाचनालयात आलेला होता, तो मी कपाटात मागे सारला आणि आलाच नाही असं तिला सांगितलं. मी तिला रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले.

अशाच एका दुपारी मी वाचत असताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. तिची बोटं गार पडली होती. मग माजघराच्या दिशेला तोंड करून ती शांतपणे म्हणाली, "दत्ता, गुडघा लय वाजतो रं तुझा. बाहेर ये."

मला वाटलं, आता हिचं सगळंच संपलं. तेवढ्यात माजघराचा पडदा हलला आणि दत्ता बाहेर आला. आंबीला राहणारा, काकांचा पुतण्या. हातात ट्रंकेतली जमिनीच्या कागदांची पिशवी. लेण्यांच्या रस्त्याकडच्या आत्याच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं होतं, आणि ती विकायला तयार नव्हती. आत्यानं त्याला पिशवी जागेवर ठेवायला सांगितली, पुन्हा येशील तर पुढच्या दारानं ये म्हणाली. तो मान खाली घालून गेला. पोलिसांत जायला तिनं साफ नकार दिला.

तो गेल्यावर मी तिला पाणी दिलं. ते तिच्या अंगावर सांडलं. "व्हय, त्याला मी भ्याले," ती म्हणाली. "पन तुला जास्ती भ्याले. तू मला येडी ठरवली असतीस, तर मी कुनाला सांगितलं असतं?"

आठवं पुस्तक मी पुढच्याच रविवारी नेलं. कपाटातलं खोटंही कबूल केलं. ते तिला आधीच कळलं होतं; माझा आवाज त्या दिवशी पातळ झाला होता म्हणे. पुढे वर्षभर आम्ही वाचत राहिलो. दत्ता पुन्हा आला नाही. आत्या हसायची, सुईणीशी वाद घालायची. तिची भीती गेली असं मी धरून चालले.

परवा तिचा मोबाइल उघडला. मी वाचलेलं ती त्यात रेकॉर्ड करून ठेवायची आणि आठवडाभर ऐकायची, हे मला माहीत नव्हतं. बटण दाबायला तिला हौसामावशींच्या नातीनं शिकवलं होतं. शेवटच्या रविवारचं रेकॉर्डिंग बंद करायला ती विसरली असावी. त्यात माझं वाचन आहे, मग माझं "येते गं", मग दूर जाणारी रिक्षा. नंतर बराच वेळ काही नाही. मग भिंतीवरून घासत जाणारा हात, आणि आत्याचा बारीक आवाज, "कोन हाय?" थोडं थांबून दुसऱ्या खोलीतून, "कोन हाय?" मग तिसऱ्या खोलीतून. प्रत्येक खोलीत विचारून ती गप्प राहते, उत्तराची वाट पाहते, आणि पुढे जाते.

आता दुपारी वाचनालयात कुणी नसलं की मी ते लावते. तिचा प्रश्न आला की मी हातातलं काम थांबवते. ती ऐकत असते तेवढा वेळ मीही श्वास रोखून ऐकते... त्या घरात दुसरं कुणी नाही ना, याची खात्री होईपर्यंत.