पूजेतला पाना

माणूस गेल्याची बातमी येते, असं आपण म्हणतो. माझ्याकडे ती यायची गरज पडली नाही. दाजी गेले तेव्हा मी त्यांच्या पुढच्या गाडीत होतो. बातमी मलाच घेऊन जावी लागली, माझ्या सख्ख्या बहिणीकडे. खंडेनवमीची दुपार कलली होती. अक्का दारात बसून रेशनची तांबडी मिलो ज्वारी पाखडत होती. मला एकट्याला बघून म्हणाली, "हे कुठं ऱ्हायलं? सकाळधरनं च्याशिवाय काय न्हाई पोटात त्यांच्या." तिची नजर माझ्या सदऱ्यावरच्या रक्तावर गेली. दाणे सांडू नयेत अशा बेतानं तिनं सूप खाली ठेवलं, आणि मग ती ओरडली.

भानुदास दाजी माझे मेहुणे. नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याला आमच्या वडिलांचं गॅरेज होतं. लग्नानंतर दाजी त्यात आले ते पाव्हणे म्हणून, आणि वर्षभरात गॅरेज त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. ड्रायव्हर लोक हाक मारत ती "दाजी हायेत का?" अशी. मी समोर उभा असलो तरी. मला त्याचं वाईट वाटत नसे असं मी आजवर सांगत आलो. वाटत असे.

घाटात बंद पडलेले ट्रक टोचन करून खाली आणणं हा आमचा निम्मा धंदा. त्यासाठी मिल्ट्रीच्या लिलावातली एक जुनी पिकअप आम्ही घेतली होती. ट्रकला लोखंडी दांडा जोडायचा, पिकअप मी चालवायची आणि मागच्या ट्रकच्या स्टेअरिंगवर दाजींनी बसायचं. हे कधी बदललं नाही. "मागं बसणाराला समदं दिसतंय," ते म्हणत. खरी गोष्ट अशी होती की मागची जागा जिवावरची. ज्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात त्याचं इंजिन बंद पडलं की हवा तयार होत नाही, टाकीतली असेल तेवढी संपते, आणि मग ब्रेकवर पाय ठेवला काय नि न ठेवला काय. असला ट्रक उतरवताना दोन माणसं चाकाशेजारी दगड घेऊन चालत आणि आम्ही गोगलगायीसारखे खाली येत असू.

दाजींच्या डोक्यात या गोष्टीनं घर केलं. भंगारात गेलेल्या एका ट्रकचा कॉम्प्रेसर त्यांनी आणला. तो पिकअपच्या इंजिनाशेजारी बसवायचा, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरवायचा, हौद्याखाली हवेची टाकी टांगायची आणि तिथून रबरी नळीनं मागच्या ट्रकला हवा द्यायची, म्हणजे मेलेल्या ट्रकचे ब्रेक जिवंत. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात अँगल कापून केलेले दोन ब्रॅकेट इंजिनाच्या थरथरीनं तडकले. तिसरा त्यांनी मागून टेकू देऊन केला. पुली सरळ रेषेत येईना म्हणून सुतळी ताणून, एक डोळा मिटून तासन्‌तास बसत. रस्त्यावरची माणसं चेष्टा करत. "दाजी, पिकअपला दमा झालाय का? नळ्या लावल्यात त्या?" दाजी म्हणत, "तुज्या सासऱ्याची हाय ती. हुंड्यात देतो म्हनत हुता, तवा तपासतोय."

अष्टमीला काम पुरं झालं. इंजिन चालू केलं, हवेचा दाब दाखवणारा काटा चढला आणि जिथं थांबायला हवा तिथं थांबला. दाजींनी मला मिठी मारली, ग्रीसच्या हातांनी. मग इंजिन बंद करून पट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला. "नवा पट्टा हाय, चालला की ढिला पडतुया. उद्या एकदा ताणून घिऊ, मग मिटलं."

उद्या खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवत नाहीत. गॅरेजातली ही एक गोष्ट माझी होती. वडील गेल्यापासून पूजा मी मांडत असे. पट्ट्याचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. पहाटेच साऱ्या पान्यांची रांग लाल कापडावर लावली, दुष्काळात महाग झालेली झेंडूची चार फुलं वाहिली. दाजी आले, बघून हसले. "आरं, सतराचा पाना तरी भाईर ठिवायचा."

"आता मांडलं, दाजी. उद्या उचलू."

तेवढ्यावर ते थांबलेही. पण दुपारी एक ट्रक ड्रायव्हर पायी उतरून आला. घाटमाथ्यावर ट्रक बंद पडला होता, आत दुष्काळी कामावरच्या मजुरांचं धान्य. खडी फोडणारी माणसं वाट बघत होती, उद्यावर ढकलण्यासारखं नव्हतं. दाजी उठले, पिकअपचं बॉनेट उघडून पट्टा दाबला आणि माझ्याकडे हात केला. "पाना दे."

"पूजेत हाय," मी म्हणालो.

"दोन मिनटाचं काम हाय, नामदेव."

"आधीच पाऊस न्हाई, देव रुसल्यागत झालाय. आन् तुमी मांडल्याली पूजा मोडा म्हनताय?"

हे वाक्य मी बोललो. देवाची मला भीती वाटत होती असं म्हणालो तर लोक समजून घेतील. पण मी देवाला भ्यालो नव्हतो. वर्षातल्या त्या एका दिवशी तरी गॅरेजात माझा शब्द खाली पडू नये, एवढंच माझ्या मनात होतं... दाजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी पान्यांना हात जोडले, बॉनेट लावलं आणि म्हणाले, "चल. तुजा देव ताणंल पट्टा." ट्रकच्या पेटीत पाना असणारच, पण वर गेल्यावर त्यांनी तो मागितला नाही. माझा मान राखला.

ट्रकला दांडा आणि हवेची नळी जोडून, या वेळी दगडवाल्यांशिवायच, आम्ही निघालो, आणि अर्ध्या घाटात समोरचा काटा उतरायला लागला. पट्टा घसरल्याचा वास मला आला. मी खिडकीतून हात काढून खूण केली. उतार तिथंच तीव्र होता आणि मागचं वजन पिकअपला ढकलू लागलं. आरशात दाजींचा चेहरा दिसत होता. पुढच्या वळणाला दरी होती. दाजींनी त्याआधीच स्टेअरिंग डोंगराकडे फिरवलं. दांड्याची खीळ तुटली, पिकअप मोकळी झाली आणि मी वाचलो. ट्रकची ड्रायव्हरकडची बाजू कातळावर गेली.

दहाव्याला मी लोकांचं बोलणं ऐकलं. "नसतं खूळ डोक्यात घेतलं. असली जोडाजोड आसतीया व्हय?" मी मान खाली घालून ऐकत राहिलो. पुढे अक्काही तेच म्हणू लागली, "त्यांच्याच हातच्या यंत्रानं घात केला. मोडून टाक ते." तरी मी गप्प होतो. माझ्यापायी माणूस गेला, आणि त्याच्या हाताचं नावही जात होतं. दाजींवर चार चांगले शब्द लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं की दुसरं काही लिहिण्याआधी मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती छापून येण्याआधी अक्काला सांगायला हवी.

परवा सांगितली. ती उठून गॅरेजात गेली, मी मागून. पूजा तशीच होती. दसऱ्याला ती उचलायची कुणाला शुद्ध होती? फुलांचा चुरा झालेला, पान्यांवर धूळ. अक्काला पाने ओळखता येत नाहीत. तिनं विचारलं, "कंचा?" मी दाखवला. तिनं तो उचलून माझ्या हातात दिला. "ताण."

पिकअप मागच्या अंगणात पडून होती. मी पट्टा जागेवर चढवला, ब्रॅकेट ओढून धरला, बोल्ट आवळला. खरंच दोन मिनिटं लागली. इंजिन चालू केलं. काटा हळूहळू चढला आणि अष्टमीला थांबला होता तिथंच येऊन थांबला. हलेना. काटा पडावा, कुठून तरी हवा गळावी, असं मी मनोमन मागत होतो... अक्का काट्याकडे बघत उभी राहिली. मग पदर सावरून निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि बोलेल असं मला वाटत नाही.

पेट्रोल संपेपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही. ते बंद पडल्यावरही टाकीत हवा भरलेली होती. आज सकाळी पाहिलं. काटा अजून तिथंच आहे.