ताप नाही

वहिनी गेल्याची तार देवळ्याला आली, तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू वळत होते. एसटीने पिंपळगावमार्गे नाशिक गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिना उलटला, तरी मन थाऱ्यावर नाही...

वहिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. धाक असा, की माझा दादासुद्धा चपला जागेवर ठेवायचा. त्यांना मोकळं हसताना फारसं कुणी पाहिलं नसेल. सत्तर सालानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांना मुलगी झाली. मी तेव्हा माहेरीच होते. कुशीतून खाली ठेवलं की पोर कुरकुरायची. "अंगावरची सवय लागेल," म्हणून आईने तिला पाळण्यात ठेवायला लावलं. मग ती गप्पच झाली. दूधही मागेना. बघायला येणाऱ्या बायकांना आई कौतुकाने सांगायची, "गुणाची आहे हो, काही ताप नाही तिचा." वहिनी घाबरल्या, तर आईने कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार. "बघ, ताप कुठाय?" दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. रक्तात जंतू पसरले होते.

पुन्हा मूल झालं नाही. पुढे वहिनींनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ससे पाळले. एकदा मी तिथे गेले, तर त्यांच्या तळहातावर नुकतं जन्मलेलं पिल्लू होतं.

"शोभा, हे आजारी आहे. पण थर्मामीटर लावलास तरी ताप दिसायचा नाही. इतक्या कोवळ्या अंगाला ताप आणताच येत नाही. ते वाढत्या वयाबरोबर जमतं."

"मग कळायचं कसं?"

"ऊब शोधतं. सारखं आईच्या पोटाशी सरकतं..." त्यांनी पिल्लावर दुसरा हात ठेवला. "तीही ऊबच मागत होती गं. मी पाळण्यात ठेवली."

आईला त्यांनी कधी बोल लावला नाही. पण त्या घरात सुट्टीला आलेल्या आमच्या पोरांनी कितीही दंगा केला तरी 'काय ताप आहे' असं कुणी म्हणत नसे. कुणाचं बाळ बघायला गेल्या, की वहिनी कपाळाला हात लावत नसत. दुपट्यात हात घालून, गार पडलेत का बघायला तळपाय धरायच्या, आणि बराच वेळ सोडायच्या नाहीत. लोकांना ते विचित्र वाटायचं.

परवा लेकीला मुलगी झाली. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती शांत आहे, काहीच ताप नाही!" माझा हात आपसूक दुपट्यात गेला. तळपाय गरम होते. तरी मी तिला पाळण्यात ठेवलं नाही. अंगावरची सवय लागेल, असं सगळ्या म्हणत राहिल्या... लागू दे.