एकमताने संमत

सभागृह हसले.

कुवेतच्या मंगफमधील आमच्या मराठी मंडळाची ती वार्षिक सभा. अध्यक्षांनी मंडळाची नवी घटना इंग्रजीत वाचून संपवली आणि हात उंचावून विचारले, "मान्य?" मागच्या रांगांतून आम्हा कोकणी कंत्राटी कामगारांचा घोष उठला, "व्हय म्हाराजा!"

आमच्याकडे गणपतीपुढे गाऱ्हाणे घालतात. एकाने देवाला मागणे सांगावे, इतरांनी प्रत्येक मागण्याला असा होकार द्यावा. येथे ते मी घालतो. आमच्या जिभेवरचा तो होकार देवाचा. अध्यक्षांनी तो उचलला आणि आपल्या ठरावाला लावला.

शेजारच्या वेल्डरने विचारले, "आबा, आमी कशाक व्हय म्हटला?"

पुढच्या बाकावरचा अभियंता वळला. हसतच म्हणाला, "बॅचलर लोकांना, म्हणजे बायकामुलं गावी ठेवून आलेल्या तुम्हा कामगारांना, आता मत नाही. तुमचा जाखडी नाच बंद. ऑर्केस्ट्रा येणार."

मी उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमच्याच लोकांनी एकमताने पास केलंय. आता रडायचं नाही. आणि तुमचं गाऱ्हाणं ठेवलंय की! तीन मिनिटं. मुलांना क्यूट वाटतं."

क्यूट.

माझ्या आजोबांना देवळाची पायरी वर्ज्य होती. देशाची घटना लिहिली गेली, म्हणून मी संस्कृत पाठशाळेत बसलो, देवापुढे ताठ उभा राहिलो. घटनेतला एक शब्द माणसाला कुठून कुठे नेतो, ते मला या वातानुकूलित विद्वानांनी सांगावे? समुद्र ओलांडून आले. गाड्या घेतल्या, गालिचे घेतले. आणि ती जुनी पायरी तेवढी गाठोड्यात बांधून आणली.

गणेशोत्सवात माझ्या हाती माइक दिला गेला. नारळ धरून मी मूर्तीकडे वळलो. प्रेक्षकांकडे पाठ.

"बा गजानना म्हाराजा! ह्या घटनेक आमी समजान होकार दिलो, असा जो कोण सांगता, तो तुझ्यासमोर खोटा बोलता रे म्हाराजा!"

दाराशी उभ्या माझ्या माणसांचा आवाज छताला भिडला.

"व्हय म्हाराजा!"

अध्यक्षांनी माइक बंद करविला. गाऱ्हाण्याला माइक कधी लागला होता?

मी नारळ त्यांच्या हाती दिला. यापुढे त्यांच्या मंचावर माझे गाऱ्हाणे होणार नाही. प्रत्येक सभेला मात्र आम्ही येऊ. मत नसले तरी येऊ. ती घटना पुन्हा लिहिली जाईल, मराठीत, आमच्यासमोर, कलमागून कलम. तोवर या देहाचा होकार फक्त देवाला.

माणसांना, नाही.