मॅडमची काळी वडी

"घाई नोका करू भाऊ, त्याले बसू द्या," असं म्हणत मॅडम उजवा पंजा हवेत हळूहळू खाली आणत, तान्ह्या लेकराला थोपटावं तसा. लेकरू म्हणजे त्यांच्या भट्टीतली रुपयाएवढी काळी वडी.

कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत आणि मी त्याच विभागात कारकून. विज्ञानाने बारावीतच मला सोडलं होतं. तरी मॅडम मला सगळं समजावत. चहा मीच आणायचो, आणि कप परत नेल्याशिवाय मला हलता येत नसे.

"पुरेशी थंड केली की हिच्यातून वीज बिनाअडथळ्याची धावते," त्या सांगत.

"मग कधी कधी अडते काहून?"

"लग्नातली पंगत पाहिली नं? सारे रांगेत बसले की मधून कोणी सरकत नाही. यातले विजेचे कण बी कधी कधी तशाच रांगा धरतात. जोड्या जमवून नाचाले उठले की वरात निघाली."

"पण तुम्ही तर बसू द्या म्हणता."

"तो ऑक्सिजन. तो म्हणजे मांडवाचा खांब. खांबानं बसाचं, वऱ्हाडानं नाचाचं."

मॅडमची निवृत्ती शुक्रवारी होती. त्या दिवशी पोरांना वडीवर तरंगतं लोहचुंबक दाखवायचं, एवढीच त्यांची हौस. आधीच्या शनिवारी भट्टीत ऑक्सिजन सोडून वडी सावकाश थंड होत होती. भट्टीवर चिठ्ठी होती : हात लावू नये. मी लावला नाही. दुपारी घरी जाताना, गेली वीस वर्षं करतो तसा, मेनचा खटका तेवढा बंद केला. विजेची बचत करणारा म्हणून विभागात माझं नाव आहे.

सोमवारी थोडा द्रव नायट्रोजन ओतून वडी गार करून पाहिली, तरी चुंबक तिच्यावर ढिम्म बसलं. मी खटक्याची कबुली दिली.

"भट्टी एकदम थंड झाली, ऑक्सिजन बसलाच नाही. वरात दारात आली अन् तुम्ही मांडवाचे खांब उपटून राहिले, भाऊ."

"आता?"

"पुन्हा तापवू. पुन्हा हळूहळू थंड करू. ती काही रुसत नाही."

पुढचे दोन दिवस मी स्टूल टाकून मेनसमोर बसलो. डबाही तिथेच खाल्ला. बायको फोनवर म्हणाली, "घरच्या गॅसवरच्या दुधापाशी असं कधी बसले का तुम्ही?"

शुक्रवारी द्रव नायट्रोजन पुन्हा आला, तोही जनावरांच्या दवाखान्यातून. तिथे तो वळूंचं वीर्य साठवायला लागतो. मॅडमनी वडीवर तो ओतला, पांढरा धूर टेबलावरून खाली सांडला. चिमट्याने त्यांनी चुंबक सोडलं.

ते पडलं नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचीवर थांबलं आणि मॅडमनी टिचकी मारताच गरगरा फिरलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मॅडम मात्र चुंबकाकडे पाहतच नव्हत्या. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून त्यांनी पंजा हळूहळू खाली आणला.

आता त्या लेकीकडे बंगळुरूला असतात. भट्टी कधीची थंड आहे. तरी शनिवारी मेनच्या खटक्याला हात घालण्याआधी मी एकदा तिच्यात डोकावून येतो.