रोज एक नवं पान

आईंनी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, उलटं केलं आणि परत तिच्या हातात दिलं.

तिंगतिंग वाचत राहिली. न अडखळता. पान संपेपर्यंत.

“बघितलंस?” आई मला म्हणाल्या. “ही वाचत नाही. म्हणते.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेजवळच्या शाळेत हयातभर इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर आमच्याकडे, जर्मनीत नेकारसुल्मला आल्या.

या महिन्यात, एका शनिवारी, गेल्या. हार्ट अटॅक. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिंगतिंग सात वर्षांची. आमच्या वरच्या मजल्यावर राहते. वडील इंजिनियर, चीनहून बदली होऊन आलेले. तिला स्टुटगार्टच्या एका इंग्रजी शाळेत घालायचं होतं. तिथे मुलाखतीत एक पान वाचायला देतात. मुलाने कधी न पाहिलेलं. जमलं नाही तर एक वर्ष खाली, धाकट्या मुलांत.

तिची आई लीन रोज चित्रांची कार्डं आणि गोष्टींची पुस्तकं घेऊन बसायची. चित्र दिसलं की तिंगतिंगला शब्द यायचा. पान उलटलं की गोष्ट यायची.

“शी नोज सो मेनी वर्ड्स,” लीन म्हणाली. जरा दुखावून.

“येस. बट शी कॅनॉट रीड,” आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, “इन्स्पेक्शनच्या दिवशी आमची पोरं अशीच धडाधड म्हणायची. साहेब खूश. आम्हीही गप्प.”

आणि लीनला, “उद्यापासून पाठव. पुस्तक आणायचं नाही.”

रोज दुपारी आई एक नवं पान लिहायच्या. चार-पाच ओळी, शाळेतल्या अक्षरात. चित्र नाही. आजचं पान उद्या नाही. जे कधी पाहिलंच नाही ते पाठ कसं होणार?

गोष्टी आमच्याच बिल्डिंगमधल्या.

‘पहिल्या मजल्यावरच्या माणसाने जॅमची काचेची बरणी कागदांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. तो वाईट माणूस आहे.’

“अहो आई, ते हेर क्राउस आहेत. त्यांनी वाचलं तर?” हेर म्हणजे इथलं ‘श्रीयुत’.

“वाचू दे की. खोटं लिहिलंय का?”

शब्दावर एक जुनं ग्रीटिंग कार्ड ठेवायच्या आणि हळूहळू सरकवायच्या. दोन अक्षरं दिसली, तेवढीच वाच. मग पुढची. मटाराची शेंग सोलतात तसं, असं मला सांगायच्या. ओरबाडायचं नाही.

तिंगतिंग रडली. एकदा पेन्सिल फेकली. आईंनी ती उचलली नाही. तिलाच उचलायला लावली.

लीन धास्तावली. “आधी ती भराभर वाचायची. आता एका ओळीला किती वेळ!”

“आता वाचतेय ना, म्हणून,” आई म्हणाल्या.

आई शनिवारी गेल्या. मुलाखत गुरुवारी होती.

रविवारी लीन खाली आली. माझे दोन्ही हात धरून बसली. मग म्हणाली, “प्लीज, गुरुवारपर्यंत तिला सांगू नका. आजी इंडियाला गेली म्हणा.”

तिंगतिंग आईंना आजीच म्हणायची. आईंनीच शिकवलं होतं.

मी हो म्हटलं.

“आई असं खोटं बोलली नसती,” निखिल रात्री म्हणाला. माझा नवरा.

“आई नाहीयेत,” मी म्हटलं. “मुलाखत आहे.”

सोमवारपासून मी पान लिहायला लागले. दुपारी तिंगतिंग यायची. आजी कधी येणार, विचारायची. मी कार्ड सरकवायची.

“तुझं पान बोअरिंग आहे,” ती म्हणाली. “आजीची माणसं वाईट कामं करतात. तुझी नुसती बागेत जातात.”

दुसऱ्या दिवशी मी पानात हेर क्राउसना काचेची बाटली चोरायला लावली.

इथे दहनाला दिवस लागतात. डॉक्टरांचे कागद, मग श्टांडेसआम्टचे, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीचे कागद, मग तारीख. बुधवारी तारीख मिळाली. शेजारी विचारत होते, म्हणून निखिलने चार ओळी टाइप करून जिन्यातल्या बोर्डावर लावल्या. इंग्रजीत. या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्याची भाषा वेगळी आहे.

तिंगतिंग ते वाचेल, हे आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. तिंगतिंग एकटीच उभी होती. पाठीवर दप्तर.

“आजी मेली असं लिहिलंय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कागदाने.”

“ममाने वाचून दाखवलं?”

“नाही. मी वाचलं.” मग, “क्रि. मे. शन. क्रिमेशन. ते काय असतं?”

उच्चार बरोबर होता. शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

मी उंबऱ्यातच खाली बसले. अर्थ सांगितला. सगळा. तिने सगळा ऐकला.

लीन जिना उतरून धावत आली. तिने बोर्ड पाहिला होता. पोरीला जवळ ओढलं आणि मला म्हणाली, “उद्या नको. मी शाळेला फोन करते.”

“उद्याच,” मी म्हटलं. “आत्ता तिने काय वाचलं ते पाहिलंस ना?”



“उद्याच्या पानात पण कुणी मरतं का?” तिंगतिंगने विचारलं.

“नाही.”

“मग मी जाते.”

आज दुपारी आईंचं दहन झालं. निखिल, मी, लीन, तिंगतिंग. हेर क्राउस काळा कोट घालून आले होते.

आई, या तुम्ही. तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.

गुरुवारच्या मुलाखतीचं बऱ्याच जणांनी विचारलंय. बोर्ड वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिंगतिंगने शाळेत ते पान वाचलं. सावकाश. तीन ठिकाणी अडली, तिन्ही ठिकाणी स्वतःच पुढे गेली. तिला तिच्या वयाच्या वर्गात घेतलं.